सोळा जणांना विचारून हजारोंचा सरासरी खर्च कसा सांगायचा: कॉन्फिडन्स इंटरव्हल, पेठेतल्या उदाहरणासकट

एमपीएससी करायला पुण्यात यायचं तर महिन्याला किती लागतात, हा प्रश्न लातूर, परभणी, सोलापूरकडच्या कितीतरी घरांत विचारला जातो आणि उत्तर येतं एकाच आकड्यात, "दहा हजार धरा". हे दहा हजार कुठून आले, किती जणांना विचारून आले, खालीवर किती होऊ शकतं, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं, आणि त्याच्यावर कुणाचे तरी वडील वर्षाच्या पैशाचं गणित बांधतात. मला हे खरंच लागतं. सरासरी सांगायची तर तिच्याबरोबर "एवढ्याच्या आसपास, एवढ्या खात्रीने" हेही सांगता येतं, ते काढायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो, आणि बारावीपर्यंतचं गणित ज्याला जमलं त्याला हेही जमतं. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, कुठल्या खऱ्या सर्व्हेतले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून घरचं बजेट ठरवू नका, पद्धत तेवढी घ्या.

आधी ठरवायचं की सरासरी नक्की कुणाची हवी आहे. "पुण्यातले एमपीएससीवाले" हे फारच मोघम झालं. सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ इथे कॉट बेसिसवर, म्हणजे शेअर रूममधल्या एका कॉटचं भाडं देऊन, राहणारे, अभ्यासिकेत जाणारे आणि बाहेरगावहून आलेले, असं लिहून काढा. कोथरूडला मामाकडे राहणारा यात येत नाही, क्लास लावून पीजीत एकटी रूम घेऊन राहणारी येते का ते ठरवा. मग खर्च म्हणजे काय तेही लिहा. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, चहा-नाश्ता, झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज, एवढं धरायचं, क्लासची फी धरायची नाही, गावी जाण्याचं एसटीचं तिकीट धरायचं की नाही. हे आधी नाही ठरवलं तर एक जण क्लासची फी धरून सांगतो, दुसरा न धरता, आणि मग तुमच्या आकड्यांत जो फरक दिसतो तो खर्चाचा नसतोच, प्रश्नाचा असतो. आठवून सांगायला लावू नका, शक्यतो फोनपे किंवा गुगल पेची हिस्ट्री उघडून मागच्या महिन्याची बेरीज करायला सांगा, थोडा वेळ जातो पण आकडा खरा येतो.

आता १६ जणांचा महिन्याचा खर्च असा आला समजा, रुपयांत:

८२००, ९५००, १०१००, ११०००, ८८००, १२०००, ९७००, १०४००, ९३००, १३५००, १०८००, ९०००, ११५००, ९९००, १०२००, १२५००

बेरीज १,६६,४००, भागिले १६, सरासरी १०,४००. इथपर्यंत सगळेच येतात आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण दुसरे १६ जण विचारले असते तर १०,४०० च आले असते का? नसते आले, १०,१०० आले असते, १०,९०० आले असते. शितावरून भाताची परीक्षा होते कारण पातेल्यातला भात सगळा सारखाच शिजतो, माणसं तशी सारखी नसतात, म्हणून कुठली शितं हातात आली त्यावर उत्तर हलतं. ते किती हलू शकतं हे त्याच १६ आकड्यांतून काढता येतं, आणि या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट मला तीच वाटते.

त्यासाठी आकडे एकमेकांपासून किती पसरलेत ते बघायचं, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आपण एसडी म्हणू. प्रत्येक आकड्यातून १०,४०० वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. शंभराच्या पटीत केलं तर सोपं जातं, म्हणजे ८२ वजा १०४ = उणे २२, वर्ग ४८४, असं सोळाच्या सोळा. बेरीज ३०५६ येते. तिला १६ ने नाही, १५ ने भागायचं, कारण खरी सरासरी आपल्याला माहीतच नाही, आपण याच आकड्यांतून काढलेली सरासरी वापरतोय आणि ती या आकड्यांना जरा जास्तच जवळची असते, त्यामुळे १६ ने भागलं तर पसारा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. ३०५६ भागिले १५ म्हणजे २०३.७३, वर्गमूळ १४.२७, म्हणजे एसडी साधारण १,४२७ रुपये. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर एसडीचे दोन पर्याय असतात, एक एनने, म्हणजे आकडे जितके आहेत तेवढ्याने, भागणारा आणि एक एन वजा एकने भागणारा, आपल्याला दुसरा हवा.

आता एसडीला सॅम्पलच्या, म्हणजे निवडून विचारलेल्या जणांच्या, संख्येच्या वर्गमुळाने भागा. १६ चं वर्गमूळ ४, तर १४२७ भागिले ४ म्हणजे सुमारे ३५७ रुपये. हा स्टँडर्ड एरर, एसई. एसडी सांगतो माणसं एकमेकांपासून किती वेगळी, एसई सांगतो तुमची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे असू शकते. या दोघांत गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं, त्याच्याकडे परत येऊच.

मग एसईला एका आकड्याने गुणायचं. पुस्तकात १.९६ दिसतो, तो ९५ टक्क्यांसाठी असतो, पण तो तेव्हा चालतो जेव्हा अख्ख्या पॉप्युलेशनचा, म्हणजे ज्यांची सरासरी हवी त्या सगळ्यांचा, एसडी आधीच माहीत असतो किंवा सॅम्पल चांगलं मोठं असतं. आपल्याकडे १६ जण आहेत आणि एसडीही त्यांच्यातूनच काढलाय, म्हणजे एसडीचाही अंदाजच. ही अडचण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला आली होती, बार्लीची सॅम्पलं थोडी आणि निर्णय मात्र त्यावरच घ्यायचे. त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर लिहिला, कारण कंपनी खऱ्या नावाने छापू देत नव्हती, आणि त्यातूनच आजचं टी टेबल आलं. टेबलमध्ये १६ वजा १, म्हणजे १५ च्या ओळीत ९५ टक्क्यांचा आकडा, म्हणजे टी, २.१३१. पाचच जण असते तर २.७७६ लागला असता, ३० असते तर २.०४५, संख्या वाढेल तसा तो १.९६ कडे सरकत जातो.

३५७ गुणिले २.१३१ म्हणजे साधारण ७६०. झालं, १०,४०० अधिक-उणे ७६० (हे ७६० म्हणजे मार्जिन), म्हणजे ९,६४० ते ११,१६०. हाच ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. चुकून १.९६ वापरलं असतं तर ९,७०० ते ११,१०० आलं असतं, जरा अरुंद, म्हणजे आपल्याकडे नसलेली खात्री दाखवणारं.

९५ च्या ऐवजी ९० टक्के घेतलं तर टी १.७५३, मार्जिन ६२५ च्या आसपास. ९९ घेतलं तर २.९४७, मार्जिन १,०५० च्या आसपास. जास्त खात्री हवी तर पट्टा रुंद होतो. टक्के आधी ठरवा आणि मग गणित करा, उत्तर बघून टक्के बदलायचे नाहीत.

आता हे ९५ टक्के नक्की कशाचे. ही कल्पना येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९३७ च्या पेपरात नीट मांडली आणि ती अशी आहे: हाच उद्योग पुन्हा पुन्हा केला, दर वेळी नवे १६ जण रँडम निवडले, दर वेळी असाच इंटरव्हल काढला, तर दर शंभरातले साधारण ९५ इंटरव्हल खऱ्या सरासरीला आपल्यात धरतील आणि ५ च्या आसपास चुकतील. खरी सरासरी एका जागी ठाम आहे, हलतो तो आपला इंटरव्हल. हातातला ९,६४० ते ११,१६० हा धरणाऱ्यांतला की चुकणाऱ्यांतला हे कळायला मार्ग नाही, आपण भरवसा पद्धतीवर ठेवतो. व्हायवाला हे हमखास विचारतात, आणि "खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के" असं उत्तर दिलं की परीक्षक थांबवतात, बरोबरच आहे त्यांचं.

याहून मोठी गल्लत मात्र परीक्षेच्या बाहेर होते. ९,६४० ते ११,१६० वाचून लोक म्हणतात, अच्छा, म्हणजे ९५ टक्के मुलं एवढ्यात भागवतात. अजिबात नाही. वरचे १६ आकडेच बघा, त्यातले ९ जण या पट्ट्याच्या बाहेर आहेत! हा पट्टा सरासरीचा आहे, माणसांचा नाही. सॅम्पल वाढवत नेलं तर तो अरुंद अरुंद होत जाईल, पण म्हणून मुलांचे खर्च एकसारखे होणार नाहीत. आणि घरच्यांना सरासरीत फारसा रस नसतोच, त्यांना माझ्या एका मुलाला किती लागतील हे हवं असतं. त्याला वेगळा हिशोब आहे, टी गुणिले एसडी गुणिले वर्गमुळात (१ अधिक १ भागिले एन). आपल्या आकड्यांत २.१३१ × १४२७ × १.०३१, म्हणजे साधारण ३,१३५. तर नव्याने येणाऱ्या एकासाठी पट्टा ७,२६५ ते १३,५३५. याला प्रेडिक्शन इंटरव्हल म्हणतात. याच्यासाठी आकडे साधारण घंटेच्या आकाराचे, म्हणजे मध्याजवळ बरेच आणि दोन्ही टोकांना थोडे, असावे लागतात, सरासरीच्या इंटरव्हलपेक्षा ही अट इथे जास्त कडक आहे. सरासरी सांगताय की माणूस, हे वाक्यात स्पष्ट लिहा, कारण वाचणाऱ्याच्या खिशाला दोन्हींत हजारोंचा फरक पडतो.

इथपर्यंत गणित झालं, आणि खरं सांगायचं तर ते सोपं होतं. सगळा जीव सॅम्पल कसं निवडलं यात आहे. त्या अधिक-उणे ७६० मध्ये फक्त योगायोगाची चूक मावते, म्हणजे रँडम निवडताना हे आले आणि ते नाही आले एवढीच. तुम्ही चुकीच्या लोकांना विचारलंत तर ती चूक त्या ७६० मध्ये कुठेच दिसत नाही, फॉर्म्युला तुम्हाला सावधही करत नाही, तो गपगुमान उत्तर देतो. आपल्याच अभ्यासिकेतल्या मित्रांना विचारलं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला आणि ज्यांना वेळ होता त्यांनी भरला, शास्त्री रोडवर संध्याकाळी चहाच्या टपरीवर जे भेटले ते घेतले, या सगळ्यात ठरावीक प्रकारची माणसं जास्त येतात. जो पैसे वाचवायला रूमवरच चहा करतो तो टपरीवर भेटणारच नाही.

आपल्या भागातलं एक उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनला शिकले आणि १९३६ ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएचडी झाले, नेमन तेव्हा तिथेच होता. परत आल्यावर त्यांनी पीक कापणी प्रयोगांवर काम केलं. शेतातला एक तुकडा रँडम निवडायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून सरासरी उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूने होते, लहान तुकडे कमी खर्चात खूप घेता येतात. सुखात्म्यांनी १९४६-४७ च्या सुमाराला दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त निघतं, कारण कडेवरची झाडं आत धरायची की बाहेर हा प्रश्न येतो तेव्हा कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे झुकतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी प्रत्येक तुकडा वरच्याच बाजूला चुकतो, मग सरासरीही वरच. इंटरव्हल मात्र हजार तुकड्यांमुळे एकदम अरुंद येतो, दिसायला छान आणि चुकीच्या जागी बसलेला. सॅम्पल वाढवून ही चूक जात नाही, मोजायची पद्धतच बदलावी लागते.

मग पेठेत रँडम कसं निवडायचं? सगळ्या विद्यार्थ्यांची यादी कुणाकडेच नाही. म्हणून आधी अभ्यासिकांची यादी करा, अलका टॉकीज चौकापासून शास्त्री रोड, नवी पेठेच्या गल्ल्या, पेरूगेट, टिळक रोड असं पायी फिरून, बोर्ड बघत, पहिल्या मजल्यावरच्या आणि बेसमेंटमधल्यासुद्धा. यादीला नंबर द्या, फोनमधल्या रँडम नंबर अॅपने काही अभ्यासिका निवडा. मग तिथल्या चालकांशी बोलून, परवानगी घेऊन, रजिस्टरमधून किंवा सीट नंबरवरून काही जण रँडम निवडा. निवडलेला जागेवर नसेल तर शेजारच्याला विचारून मोकळं व्हायचं नाही, परत जायचं, रात्री जायचं, पहाटे जायचं. तो जागेवर का नाही याच्याशीच त्याच्या खर्चाचा संबंध असू शकतो, पार्टटाइम काम करत असेल, मेस परवडत नाही म्हणून गावी गेला असेल. वेळही बघा, प्रिलिम झाल्याझाल्या किंवा दिवाळीत पेठा रिकाम्या होतात, तेव्हा जे मागे राहतात ते सगळ्यांसारखे नसतात.

अशा दोन टप्प्यांच्या निवडीत एक गोष्ट लक्षात ठेवा, एकाच अभ्यासिकेतली मुलं एकमेकांसारखी असतात, तीच फी, तीच मेस, बऱ्याचदा एकाच तालुक्यातली. म्हणून ९ अभ्यासिकांतून १०-१० जण घेतले तर ते ९० वेगवेगळ्या माणसांएवढी माहिती देत नाहीत. याचा अंदाज घ्यायला १ अधिक (दर अभ्यासिकेतले जण वजा १) गुणिले त्यांच्यातलं साम्य असा हिशोब करतात. साम्य ०.१ धरलं तर १ + ९ × ०.१ = १.९, म्हणजे ९० जण कामाला येतात ते ४७ जणांएवढे, आणि एसईला १.९ च्या वर्गमुळाने, सुमारे १.३८ ने गुणावं लागतं. त्यापेक्षा १८ अभ्यासिकांतून ५-५ घेतले तर पाय दुखतील पण आकडा चांगला येईल.

किती जण घ्यायचे हे आधीच काढता येतं. मार्जिन ३०० रुपयांचं हवं असेल तर १.९६ गुणिले अंदाजे एसडी १४२७, भागिले ३००, आणि आलेल्याचा वर्ग. ८६.९ येतो, म्हणजे ८७ जण. मार्जिन अर्धं, १५० हवं, तर ३४८, चौपट. वर्गमूळ असल्यामुळे अचूकता फार महाग पडते, म्हणून आधी विचारा की दीडशे रुपयांच्या फरकाने कुणाचा निर्णय बदलणार आहे का, नसेल तर उरलेला वेळ निवड नीट करण्यात घाला. एसडी आधी माहीत नसतो, त्यासाठी १५-२० जणांचं छोटं सॅम्पल घ्या, वरचे आपले १६ तसेच समजा. आणि अभ्यासिकांतून घेताय तर हे ८७ वरच्या हिशोबाने वाढवावे लागतात.

एक मोठा आकडा काय करतो तेही बघा. वरच्या यादीतले १२,५०० काढून तिथे ३०,००० टाका, स्वतंत्र फ्लॅट घेऊन राहणारा कुणीतरी. सरासरी ११,४९४ होते, एसडी ५,१०७, आणि इंटरव्हल ८,७७३ ते १४,२१५. एका माणसाने मार्जिन ७६० वरून २,७०० च्या पुढे नेलं. तो आकडा गैरसोयीचा आहे म्हणून खोडायचा नाही, तुम्ही आधी लिहिलेल्या व्याख्येत तो बसतो का ते बघायचं. आपण कॉट बेसिसवाले म्हटलं होतं, फ्लॅटवाला त्यात बसत नाही, तर कारण लिहून बाजूला काढा. बसत असेल तर ठेवा, सॅम्पल वाढवा, आणि सरासरीच्या जोडीला मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, द्या. "सॅम्पलमध्ये ३० झाले की काळजी नाही" हा नियम आकडे फार एकांगी नसतील तरच चालतो, पगार, भाडं, दवाखान्याचं बिल असल्या गोष्टींना ३० पुरत नाहीत.

पॉप्युलेशनच लहान असेल, म्हणजे एकाच अभ्यासिकेतले ६० जण आणि त्यातून १६, तर मार्जिनला वर्गमुळात (६० वजा १६) भागिले (६० वजा १) ने गुणा, ०.८६ येतं, ७६० चे साधारण ६५७ होतात. सॅम्पल पॉप्युलेशनच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तर हे सोडून दिलं तरी चालतं.

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये करणार असाल तर सरासरीला अॅव्हरेज, एसडीला एसटीडीईव्ही डॉट एस, शेवटी एस असलेलं, पी असलेलं नाही. मार्जिनला कॉन्फिडन्स डॉट टी, त्यात पहिला आकडा ०.९५ नसतो, ०.०५ असतो, इथे बरेच जण अडकतात. कॉन्फिडन्स डॉट नॉर्म घेतलं तर ते १.९६ वालं उत्तर देतं.

लिहिताना पूर्ण वाक्य लिहा: "पेठांमधल्या अभ्यासिकांत जाणाऱ्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या १६ विद्यार्थ्यांच्या रँडम सॅम्पलवरून महिन्याचा सरासरी खर्च १०,४०० रुपये, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ९,६४० ते ११,१६०, क्लासची फी सोडून." आणि किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला तेही लिहा.

शेवटी तुलनेचं सांगतो, कारण लगेच कुणीतरी विचारतं की कर्वेनगरला स्वस्त पडतं का महाग. तिथल्याही १६ जणांची सरासरी ११,७०० आणि एसई ३८० आला समजा, इंटरव्हल १०,८९० ते १२,५१०. आपला पेठेचा ११,१६० पर्यंत जातो, म्हणजे दोन पट्टे एकमेकांवर चढतात, आणि लोक म्हणून टाकतात की फरक नाही. असं म्हणता येत नाही. फरकाचाच इंटरव्हल काढा: दोन्ही एसईंचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या, ३५७ आणि ३८० चं येतं ५२१, टी ३० (१५ अधिक १५) च्या ओळीतला २.०४२, मार्जिन साधारण १,०६४. फरक १,३०० अधिक-उणे १,०६४, म्हणजे २३६ ते २,३६४. शून्य यात येत नाही, तेव्हा या आकड्यांवरून कर्वेनगर महाग आहे असं ९५ टक्क्यांच्या पातळीवर म्हणता येतं, फक्त महाग नक्की किती, अडीचशेने की सव्वादोन हजारांनी, ते सांगायला १६-१६ जण अपुरे आहेत.